डबा हार्डनरचा, जबाबदारी मालकाची



गळीत हंगाम आटोपला, गव्हाण थांबली, की बाहेरच्या माणसाला वाटते, कारखाना झोपला. आत मात्र उलटी गडबड असते. मिलचे रोलर उतरवतात, पंप खोलतात, रसाच्या आणि मळीच्या टाक्या खरवडतात, पाइपलाइनी रंगवतात. पुढच्या मोळीपूजनाआधी सगळे जागच्या जागी बसले पाहिजे, ही घाई दरवर्षीची आहे. या घाईत काही डबे जोडीजोडीने स्टोअरला येतात. एकावर 'रेझीन' असे लिहिलेले असते, दुसऱ्यावर 'हार्डनर'. दोन्ही कालवून लावले की काही तासांत दगड होतो. डिस्टिलरीची फरशी, टाकीचा आतला थर, मशिनच्या फाउंडेशनचे बोल्ट, झिजलेले पंप, जमिनीतील केबलचे जोड अशी कितीतरी कामे या इपॉक्सीने होतात. माल चांगला आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही.

आमची तक्रार आहे ती आपल्या वागण्याविषयी. कीटकनाशकाची बाटली आली की आपण ती उंच फळीवर ठेवतो, पोरांना हात लावू देत नाही, फवारून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय जेवायला बसत नाही. हार्डनरचा डबा मात्र खळीच्या डब्यासारखा वागवला जातो. उघड्या हाताने काठी घेऊन कालवणे, अंगावर उडाले तर थिनरच्या चिंधीने पुसणे आणि त्याच हाताने भाकरी मोडणे सर्रास चालते. आमचे म्हणणे असे की, हार्डनरला औषधाइतकाच मान दिला पाहिजे. आणि तो दिला जातो की नाही हे पाहण्याचे काम ठेकेदारावर सोडून चालणार नाही. कारखाना सभासदांचा आहे, तेव्हा हे पाहणे सभासदांकडेच येते.

'हार्डनर' हे नाव फसवे आहे

हार्डनर म्हणजे घट्ट करणारा. हे कामाचे नाव झाले, पदार्थाचे नव्हे. 'औषध' म्हटल्याने जसे बुरशीचे की किडीचे की तणाचे हे कळत नाही, तसेच हे आहे. इपॉक्सीच्या जोडीला येणारे हार्डनर बहुधा अमाइन जातीचे असतात. पातळ, उग्र, अमोनियासारख्या वासाचे डायइथिलीन ट्रायमाइन आणि ट्रायइथिलीन टेट्रामाइन हे त्यातले जुने व जहाल. मधासारखे दाट पॉलिअमाइड त्यामानाने सौम्य. काही हार्डनर अ‍ॅनहायड्राइड जातीचे असतात. ते विजेच्या सामानात जास्त वापरतात आणि त्यांची वाफ किंवा धूळ छातीत गेली तर दमा जडू शकतो. फायबरच्या टाक्या करताना जो हार्डनर वापरतात तो तर वेगळ्याच घराण्यातला, पेरॉक्साइडचा आहे. तो पेट घेणारा आहे, डोळ्याला अतिशय घातक आहे आणि त्याच्या बरोबरच्या कोबाल्टच्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये थेट ओतला तर स्फोटसुद्धा होतो. चार डबे, चारही 'हार्डनर', आणि चौघांचे स्वभाव चार. म्हणून 'हार्डनरच तो, काय होतंय त्याला' हे वाक्य आपण बंद केले पाहिजे.

इपॉक्सीचा हार्डनर काम कसा करतो हे कळले की तो घातक का आहे हेही कळते. रेझीनच्या कणाच्या टोकाला ताणलेल्या कडीसारखी एक रचना असते. अमाइनचा कण ती कडी उघडतो व स्वतः तिला जोडला जातो. एकेक अमाइन असे तीन-चार-पाच हात पसरतो आणि सगळे मिळून जाळे विणले जाते. हेच ते घट्ट होणे. जो पदार्थ रेझीनला असा पकडतो, तो कातडीला आणि डोळ्याला सोडील कसा? पातळ अमाइन चुन्यासारखे तीव्र अल्कधर्मी असतात. ते कातडी भाजतात आणि डोळ्यात गेले तर दृष्टीला धोका असतो. जाळे पूर्ण विणून झाले की घट्ट झालेला थर निरुपद्रवी होतो, हे खरे. धोका असतो तो दोन्ही डबे उघडल्यापासून थर पुरता सुकेपर्यंत, आणि पुढे कधी तो थर घासताना किंवा जाळताना.

बिब्बा उततो, तसा हार्डनर उततो

भाजणे निदान लगेच कळते. दुसरा जो त्रास आहे तो उशिरा कळतो, म्हणून जास्त वाईट. बिब्बा सर्वांनाच उतत नाही. पण ज्याला एकदा उतला त्याला पुढे बिब्ब्याचा नुसता स्पर्श पुरतो. गाजर गवताचेही तेच. वर्षानुवर्षे उपटणाऱ्या माणसाला एखाद्या साली ते असे लागते की नंतर बांधावरून गेला तरी चेहरा सुजतो. इपॉक्सीचा प्रकार याच जातीचा आहे. पहिल्या दिवशी काही होत नाही. कोणाला आठ-पंधरा दिवसांनी, कोणाला महिन्यांनी, कोणाला वर्षांनी बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, पुरळ येते, पापण्या सुजतात, कातडी चिरते. शरीराने एकदा त्या पदार्थाशी वैर धरले की ते बहुधा जन्मभराचे असते. मग हातमोज्याच्या आत गेलेला एक थेंब किंवा दुसऱ्याने कालवलेल्या डब्याची वाफसुद्धा त्रास देते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पहिला डबाही सोवळा नाही. ही अ‍ॅलर्जी हार्डनरने होते तशी पातळ रेझीननेही होते. किंबहुना रेझीननेच अधिक वेळा होते. रेझीनला उग्र वास नाही, ते भाजत नाही, म्हणून माणूस त्यात बिनधास्त हात घालतो. तेव्हा हातमोजे दोन्ही डब्यांना हवेत.

यातून जे घडते ते आपण डोळ्यांनी पाहतो, पण जोडून पाहत नाही. उन्हाळ्यात टाकीला रंग देऊन गेलेला पोरगा पावसाळ्यात तोंड सुजवून दवाखान्यात जातो. डॉक्टर मलम देतात. गावात म्हणतात, गवत लागले असेल किंवा पाणी लागले असेल. 'तू काम काय करत होतास?' हे कोणी विचारीत नाही आणि तोही सांगत नाही. कारण खाज येते असे सांगितले तर उद्यापासून कामावर येऊ नको म्हणतील, ही त्याला धास्ती. ज्याचे पोट रोजावर आहे तो खाज लपवणारच. ही व्यवस्थेची खोट आहे, त्या पोराची नव्हे.

कालवणाऱ्याच्या चुकीच्या समजुती

पहिली समजूत अशी की हार्डनर जास्त टाकला की लवकर घट्ट होते. इपॉक्सीत असे होत नाही. एका अमाइनला जोडीला ठरावीक रेझीन लागते. हे मोजमाप ठरलेले आहे. ट्रायइथिलीन टेट्रामाइनसारखा हार्डनर नेहमीच्या पातळ रेझीनच्या शंभर भागांना वजनाने बारा-तेरा भाग लागतो, तर पॉलिअमाइड पन्नास ते शंभर भाग लागते. म्हणजे एका मालाचा अंदाज दुसऱ्याला लावला तर चौपट-आठपट चूक होऊ शकते. जादा टाकलेला हार्डनर जोडीदार न मिळाल्याने थरातच मोकळा राहतो. थर चिकट आणि कमजोर होतो, आणि नंतर त्यावर हात ठेवणाऱ्याला तो मोकळा अमाइन लागतो. काम वाया आणि वर दुखणे. मोजून बांधलेले जोडपॅक मिळतात, ते पुरे फोडून पुरे कालवावेत. मोठ्या डब्यातून काढायचे तर वजनकाटा हवा.

दुसरी समजूत अशी की एकदाच बादलीभर कालवून ठेवावे, पुन्हा पुन्हा त्रास नको. रेझीन आणि हार्डनर जुळताना उष्णता निघते. भिंतीवर पातळ थर लावला तर ती हवेत निघून जाते. बादलीत ढीग असेल तर ती आतच कोंडते, उष्णतेने जुळणी वेग घेते, वेगाने आणखी उष्णता निघते. ओल्या कडब्याची गंजी आतून तापते, तसेच हे, पण दिवसांऐवजी मिनिटांत. बादली उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापते, प्लॅस्टिक वितळते, उग्र धूर निघतो. ढोबळ नियम असा की हवा दहा अंशांनी तापली की हाताशी असलेला वेळ निम्मा होतो. डब्यावर २५ अंशांना चाळीस मिनिटे लिहिलेली असतील तर आपल्या मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याच्या शेडखाली, ती दहा-पंधरा मिनिटेच समजावीत. म्हणून थोडे थोडे कालवावे, पसरट भांड्यात कालवावे, शक्यतो सकाळी काम उरकावे. भांडे तापू लागलेच तर झाकण न लावता उघड्यावर न्यावे, मिश्रण वाळूवर पातळ पसरता आले तर पसरावे, आणि धुरापासून दूर उभे राहावे.

तिसरी समजूत थिनरविषयी. हाताला लागलेले थिनरने झटकन जाते हे खरे, पण थिनर कातडीचे तेल काढून टाकतो आणि विरघळलेला माल आत जायला वाट मोकळी करून देतो. लागलेले आधी कोरड्या कागदाने किंवा चिंधीने टिपावे आणि मग साबण व भरपूर पाणी वापरावे. कापडी हातमोजे तर नसलेले बरे; ते भिजतात आणि माल कातडीशी धरून ठेवतात. दवाखान्यातले पातळ रबरी मोजेही पुरत नाहीत. नायट्राइलचे जाड मोजे, किंवा मालाच्या माहितीपत्रकात सांगितले असतील ते घ्यावेत आणि आतून ओले झाले की टाकून द्यावेत. डोळ्याला बंद चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. तो सदरा घरच्या धुण्यात मिसळू नये.

टाकीत उतरून काम असेल तर आणखी सावधगिरी हवी. इपॉक्सी रंगात झायलीनसारखी द्रावणे असतात. त्यांची वाफ जड असते, टाकीच्या तळाशी बसते, भोवळ आणते आणि ठिणगीने पेटते. हवा खेळती ठेवणारा पंखा, बाहेर उभा असलेला एक माणूस आणि आत विडीकाडी नाही, एवढे झाल्याशिवाय कोणी उतरू नये. दोन-तीन वर्षांनी तो थर काढायची वेळ येते तेव्हा गॅस कटरने जाळून काढण्याची रीत आहे, तीही सोडावी. जळत्या इपॉक्सीचा धूर विषारी असतो. घासून काढताना तोंडाला धूळ अडवणारा मास्क हवा.

अपघात झालाच तर तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डोळ्यात गेले तर तत्काळ, पापण्या उघड्या धरून, वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे आणि मगच दवाखान्याकडे निघावे. अंगावर सांडले तर कपडे काढून धुवावे. पोटात गेले तर उलटी करवू नये. आपल्याकडे मिठाचे पाणी पाजून ओकवण्याची सवय आहे. पण भाजणारा पदार्थ वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजतो. डब्याचे लेबल डॉक्टरांकडे न्यावे.

हे रंगाऱ्याचे झाले, माझा काय संबंध?

असे विचारणाऱ्या सभासदांना आम्ही इंग्लंडातली एक घटना सांगू इच्छितो. लंडनच्या ईशान्येला एपिंग नावाचे गाव आहे. १९६५ च्या फेब्रुवारीत तेथे एकाएकी लोकांना कावीळ होऊ लागली. पोटात जोराची कळ येई आणि मग डोळे पिवळे होत. बघता बघता ८४ माणसे आजारी पडली. साथीची कावीळ म्हणावी तर लक्षणे जुळेनात. डॉ. कोपलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा धागा सापडला तो पावाचा. आजारी पडलेल्यांनी एकाच प्रकारच्या कोंडायुक्त पिठाचा पाव खाल्ला होता. त्या पिठाचे पोते ज्या गाडीतून आले, त्याच गाडीत एका रसायनाचे प्लॅस्टिकचे भांडे होते. ते सांडले, गाडीच्या तळावर पसरले आणि पोत्यात झिरपले. ते रसायन होते डायअमिनो डायफिनाइल मिथेन, म्हणजे इपॉक्सीचा एक हार्डनर. १९६६ साली हा वृत्तान्त ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला आणि 'एपिंगची कावीळ' म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत राहिला.

त्या आजाऱ्यांपैकी कोणी टाकी रंगवली नव्हती. त्यांनी हार्डनरचा डबा पाहिलाही नव्हता. त्यांनी फक्त पाव खाल्ला. हाच पदार्थ पुढे माणसात कर्करोग निर्माण करू शकेल अशा पदार्थांच्या यादीत गेला. अमेरिकेने १९९२ साली त्याच्यासाठी कामाच्या जागेच्या हवेत शंभर कोटी भागांत दहा भाग एवढीच मर्यादा घातली. युरोपात तर तो खास परवानगीशिवाय वापरता येत नाही.

आपल्या देशालाही असा धडा मिळालेला आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाऊन शंभरावर माणसे दगावली. रसायन वेगळे, पण चूक तीच. खाण्याचा माल आणि विष एका जागी आले.

आता आपण आपल्याकडे पाहू. तालुक्याला गेलेला टेंपो परत येताना काय काय घेऊन येतो? खताची पोती, पेंडीची पोती, रंगाचे डबे, बियाणे, आणि सभासदांची सवलतीची साखर लागली असेल तर तीही. 'फेरी वाचली' म्हणून आपण खूश होतो. त्या फेरीत एखाद्या डब्याचे बूच सैल असेल तर खालच्या पेंडीचे काय झाले हे आपल्याला म्हशीच्या दुधातूनसुद्धा कळणार नाही. फेरी वाचवण्याच्या नादात एपिंगला काय झाले ते वर सांगितले आहे. आमच्या मते रसायन आणि खाण्याचा माल एका गाडीत नाही, ही शपथ प्रत्येक सभासदाने घ्यावी आणि कारखान्याच्या गाड्यांनाही ती लागू असावी.

दुसरी गोष्ट रिकाम्या ड्रमची. हार्डनरचा रिकामा ड्रम किंवा कॅन दिसायला झकास असतो. घट्ट झाकण, जाड प्लॅस्टिक. तो भंगारात जातो, भंगारातून आठवडे बाजारात येतो आणि बाजारातून कोणाच्या तरी पडवीत पाणी साठवायला, ज्वारी ठेवायला, लग्नात ताक करायला जातो. प्लॅस्टिकने शोषलेले अमाइन दोन वेळा विसळून जात नाही. पाच-पन्नास रुपयांच्या भंगारासाठी कारखान्याने, म्हणजे आपण, हे ड्रम बाहेर जाऊ द्यावेत काय? आमचे उत्तर 'नाही' असे आहे. ड्रमला भोके पाडावीत, चिरावेत आणि धोकादायक कचऱ्याच्या रीतीने त्यांची विल्हेवाट लावावी. उरलेला हार्डनर गटारीत किंवा ओढ्यात ओतू नये. माशांना आणि पाण्यातल्या जीवांना तो घातक आहे. विहिरी त्याच ओढ्याच्या पाण्यावर आहेत.

तिसरी गोष्ट घरातली. गळक्या टाकीला, फुटलेल्या पाइपला, फवारणी पंपाच्या चिरेला आपण दोन रंगांची पुट्टी मळून लावतो किंवा दोन नळ्यांतला डिंक कालवून लावतो. तो प्रमाणाने थोडा, पण जातीने हाच. पुट्टी मळताना हातात मोजा घालावा, निदान प्लॅस्टिकची पिशवी तरी. दुधाच्या कॅनला आतून ती लावू नये. आणि तो डिंक पोरांच्या दप्तरात जाऊ देऊ नये.

कमी दराचा ठेका कोणाच्या हातावर?

आता मुख्य मुद्दा. दुरुस्तीच्या हंगामात रंगाची आणि अस्तराची कामे बहुधा ठेक्याने दिली जातात. निविदा मागवतात, ज्याचा दर कमी त्याला काम. सभासदांच्या पैशाची बचत झाली म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण दर कमी कशातून झाला हे कोणी पाहिले आहे काय? रेझीनचा भाव सर्व ठेकेदारांना सारखाच. मजुरी फार खाली जाऊ शकत नाही. मग कात्री लागते ती मोज्यांना, चष्म्यांना, साबणाला, टाकीतल्या पंख्याला. जो ठेकेदार हे सर्व धरून दर भरतो तो हरतो, जो सोडून देतो तो जिंकतो. म्हणजे आपली निविदाच हयगयीला बक्षीस देते. ठेकेदार बिल घेऊन जातो, आणि खाज घेऊन जातो आपल्याच पंचक्रोशीतला पोरगा. पुष्कळदा तो सभासदाचाच मुलगा असतो, कारण दीड एकरावर दोन भाऊ पोसत नाहीत.

कोणी म्हणेल, हे पाहायला सरकार आहे, कायदा आहे. कायदा झाला हे खरे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन घातक रसायनांची माहिती कामगारांना देणे हे कारखानदाराचे कर्तव्य ठरवण्यात आले. रसायने आणि रंग यांच्या थेट संपर्काने होणारे कातडीचे विकार त्या अधिनियमाच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत घालण्यात आले. पण कायदा कागदावर आणि डबा हातात, अशी स्थिती असेल तर उपयोग काय? निरीक्षक वर्षातून एकदा येईल. आपण मालक रोज येथे आहोत. सहकारात मालकी ही नुसती ऊसदर मागण्यापुरती नसते. भागाच्या दाखल्यावर आपले नाव आहे, तर त्या टाकीत उतरलेल्या माणसाच्या हातांचा हिशेबही आपल्या नावावर आहे.

आमच्या सूचना

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ऊसदर, उतारा आणि कर्ज यांवर बोलून झाल्यावर पाच मिनिटे या विषयाला द्यावीत आणि पुढील गोष्टी संचालक मंडळाकडे मागाव्यात, अशी आमची सूचना आहे.

१. स्टोअरमध्ये येणाऱ्या प्रत्येक दोन-डबी मालाचे सुरक्षा माहितीपत्रक पुरवठादाराकडून घ्यावे. त्यातला प्रथमोपचाराचा व संरक्षक साधनांचा भाग सोप्या मराठीत लिहून कामाच्या जागी लावावा. माहितीपत्रक नाही तर माल नाही.

२. हार्डनर वेगळ्या, कुलपाच्या, हवेशीर खोलीत, खाली परात किंवा ओटा करून ठेवावा. इव्हॅपोरेटर साफ करायचे आम्ल त्याच्याजवळ नको, कारण आम्ल आणि अमाइन यांची भेट जोराची होते. साखरेच्या गोदामाच्या आसपासही तो नको.

३. निविदेत संरक्षक साधने, पाणी, साबण आणि पंखा यांची रक्कम वेगळी व सर्वांना सारखी धरावी, तिच्यावर स्पर्धा नसावी. साधने प्रत्यक्ष दिल्याचे पाहूनच ते बिल द्यावे.

४. खरेदी करताना कमी जहाल माल निवडावा. पॉलिअमाइड किंवा अगोदर अर्धवट जुळवलेले, कमी वाफेचे अ‍ॅडक्ट हार्डनर पुष्कळ कामांना चालतात. डायअमिनो डायफिनाइल मिथेन असलेला माल तर दारातूनच परत पाठवावा.

५. काम सुरू होण्याआधी आणि हंगाम संपताना प्रत्येक माणसाचे हात व चेहरा डॉक्टरांकडून तपासावेत. ज्याला माल उतला असेल त्याला त्या कामावरून काढावे, पण रोजावरून काढू नये. दुसरे काम द्यावे. एवढी हमी मिळाली की खाज लपवण्याचे कारण उरणार नाही आणि दुखणे वेळेवर कळेल.

६. रिकामे ड्रम भंगाराच्या लिलावात जाणार नाहीत, असा ठराव करावा.

या सहांपैकी एकाही सूचनेला कर्ज काढावे लागत नाही. खर्च येतो तो मोज्यांचा, पंख्याचा आणि थोड्या लक्षाचा. चौथ्या सूचनेने माल किंचित महाग पडेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण एका पोराचे हात जन्मभरासाठी नासले तर ते कोणत्या खात्यात टाकायचे, याचे उत्तर ताळेबंदात सापडणार नाही.

खोडव्याला पाणी चुकले तर आपण रात्री उठून बारे देतो, कारण ऊस आपला आहे. कारखानाही आपला आहे. सभेला जाताना अहवालाच्या मागच्या कोऱ्या पानावर या सहा सूचना लिहून न्याव्यात आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये, ही सर्व सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे.